मनुबाईचा सात दिवसांचा लेप

आसदवाडीत कुणाचा पाय मुरगळला, मनगट सुजलं किंवा पाठीत चमक भरली, तर तो मारुतीला जायच्या आधी मनुबाईच्या दारात यायचा. मारुतीला याचं काही वाटत नसे. शेंदूर आपल्याकडे असला तरी आंबेहळद हंबीररावाच्या बायकोकडे, म्हणजे मनुबाईकडे आहे, हे त्यालाही कळून चुकलं असावं.

लेप तिला सासूकडून मिळाला होता, सासूला तिच्या सासूकडून. आंबेहळद, रक्तबोळ, तुरटी, निर्गुडीचा पाला, आणि शेवटी एक गुपित जिन्नस. तो मनुबाई पाठ फिरवून, पदराआड टाकायची. तो चुना होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ती पाठ फिरवली की सगळे सभ्यपणे आढ्याकडे बघायचे. गुपित जपायचं काम एकट्या मनुबाईवर टाकणारं ते गाव नव्हतं.

लेपाचे नियम तीन. एक, त्याबद्दल पैसा घ्यायचा नाही. घेतला तर गुण जातो. दोन, सुजलेला अवयव सात दिवस हलवायचा नाही. आणि तीन, लेप धुवायचा नाही. वाळलेल्या थरावर रोज नवा थर चढवायचा आणि मनुबाई 'उतरवा' म्हणेल त्या दिवशीच कोमट पाण्यानं उतरवायचा. मधेच कुणी धुतला, तर सूज उलटून अंगात शिरते म्हणे. कुणाच्या अंगात शिरली होती, ते कुणी सांगू शकत नव्हतं. पण शिरते, एवढं नक्की.

तीस वर्षांत एकही सूज सातव्या दिवसाच्या पुढं टिकली नव्हती. "न्हाई उतरली तर माझ्या नावाचं कुत्रं पाळा," असं ती छातीठोकपणे सांगायची. आजवर तसं कुत्रं पाळायची पाळी कुणावर आली नव्हती.

तिच्याशी वाद घालणारा माणूस एकच. तो म्हणजे आटपाडीकडचा धनगर धुळा. दर साली दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरायचा आणि हंबीररावाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. मेंढराचा पाय मोडला की धुळा चार कामट्या लावून वर लोकरीची दोरी गुंडाळायचा. बस, एवढंच.

"आन औषध?" मनुबाई दर साली विचारायची.

"औषध कशाला? बांधायचं आन हलू द्यायचं न्हाई."

"मेंढराचं ठीक हाय रं. माणसाला औषध लागतंय."

"व्हय," धुळा म्हणायचा, "माणसाला लागतंय खरं." हा होकार आहे की टोमणा, याचा मनुबाईला कधी पत्ता लागला नाही.

आता हंबीरराव. हा गडी पहिल्या महायुद्धात पार इराकात, बसऱ्याला जाऊन आलेला, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेला. बसरा सुटून पंचवीस वर्षं झाली होती, पण हंबीररावातून काही तो सुटला नव्हता. सकाळी अंथरुणाची घडी अशी घालायचा की रात्री ती मोडायची मनुबाईला भीती वाटावी. घरची म्हैससुद्धा 'हाल्ट' म्हटल्यावर थांबायची. 'थांब गं' म्हटलं तर चालत राहायची. मनुबाईनं बसऱ्याच्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या होत्या, की कुठं हुंकार द्यायचा आणि कुठं 'अगंबाई' म्हणायचं, ते तिला चुलीपुढं बसूनही जमायचं. त्यातली एक गोष्ट मात्र ती कान देऊन ऐकायची. एका शिपायाला मुंबईच्या धक्क्यावर पोचायला उशीर झाला, बोट निघून गेली आणि त्या पठ्ठ्यानं अख्खी लढाई बेळगावात बटाटे सोलून काढली. हंबीरराव ही गोष्ट त्या माणसाची नालस्ती म्हणून सांगायचा. मनुबाईला त्या माणसाच्या आईचं नशीब थोर वाटायचं.

चव्वेचाळीस साली त्यांचा एकुलता एक पोरगा नाथाजी पलटणीची बेळगावातली शिकवणी संपवून घरी आला. अठ्ठावीस दिवसांची रजा होती. ती संपली की बोटीनं परमुलखात. बापानं गावभर मिरवला. पण पोरगा घरात पाऊल टाकतो न टाकतो, तोच दोन घरं पलीकडं अंबूबाईच्या दारात तार आली. तिचा पोरगा आकाराम इटलीच्या लढाईत पडला होता.

चौथ्या दिवशी अंबूबाई मनुबाईच्या ओट्यावर येऊन बसली. दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "मनुबाई, लेप लाव गं. हात लय दुखत्यात." हाताला सूज नव्हती, खरचटलेलंसुद्धा नव्हतं. मनुबाईनं कोपरापासून बोटांपर्यंत लेप लावला, फडकं बांधलं, आणि आत जाऊन चुलीपुढं तोंडात पदर कोंबून रडली. रजेचे चोवीस दिवस उरले होते.

आणि सहाव्या दिवशी देव पावला. गुऱ्हाळावर काहिलीतली मळी काढून बाजूला टाकलेली होती. तिच्यावरून नाथाजीचा पाय घसरला आणि उजव्या घोट्याचा भोपळा झाला. चौघांनी उचलून आणला. हंबीरराव पोराच्या अंगावर खेकसला, "गाढवा, त्यो पाय तुझा हाय व्हय? सरकारी पाय हाय त्यो!" मग बोटांवर हिशेब केला. सहा आणि सात तेरा. पंधरा दिवस हातात राहतात. घरात मनुबाईचा लेप असल्यावर घोर कसला! त्यानं मिशीवरून हात फिरवला.

मनुबाई आत गेली. पाटा धुतला, वरवंटा धुतला, आंबेहळदीचं मडकं उघडलं आणि पुन्हा झाकलं. मागच्या दारानं गोठ्याकडं जाऊन तिनं ओंजळभर काळी माती आणली, जोत्याला लावायचा गेरू घेतला, रंगापुरती चिमूटभर हळद टाकली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा खोटा लेप वाटला. नेहमीप्रमाणे पाठ फिरवून पदराआड काही टाकल्यासारखंही केलं. दारातले सगळे आढ्याकडे बघत होते.

तिचा हिशेब साधा होता. औषधच नाही म्हटल्यावर सूज महिनाभर हलत नाही. महिनाभरात रजा संपते, बोट जाते. बटाटे सोलायला नाथाजीला तिनं लहानपणीच शिकवलं होतं.

हंबीररावानं मात्र या दुखण्याला पलटणीची शिस्त लावली. रोज सकाळी सुतळी घेऊन तो सोप्यात यायचा, लेपावरूनच घोटा मोजायचा, सुतळीला गाठ मारायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात रिपोट द्यायचा. "आज अर्धं बोट मागं!" रोज नवा पातळ थर चढूनही सहा दिवस गाठ मागं मागं सरकत गेली.

सातव्या दिवशी तिनं लेपाची कड नखानं उचलून आत बोट घातलं. सूज नव्हती. घोट्याचं हाड बोटाला जसंच्या तसं लागलं.

आता आई म्हणून तिला आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी तिला राग आला. मातीनं? नुसत्या गोठ्यातल्या मातीनं? तीस वर्षं उन्हात वाळवलेली आंबेहळद, बोटं सोलून कुटलेला रक्तबोळ, पदराआडचा तो चुना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिला मातीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. भीती त्यानंतर आली. मग तिनं गेरू चांगला घट्ट कालवला आणि दुप्पट जाड थर थापला.

त्या दिवशी गाठ पाव बोट पुढं गेली. "सूज वाढली!" हंबीरराव ओरडला.

आसदवाडीत मनुबाईच्या लेपाला सातव्या दिवशी अपयश आलं, ही बातमी तारेपेक्षा जलद पसरली आणि गाव समाचाराला लोटलं. समाचाराला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही तिथली रीत. आणि आणलेलं औषध नाकारायचं नाही, ही त्याहून मोठी रीत. नाकारलं तर आणणाऱ्याचा हातगुण नासला म्हणून तो मरेपर्यंत बोलत नाही. हंबीररावाची बहीण साळूबाई भिजवलेल्या मेथ्या घेऊन आली. शेजारच्या हरिबानं एरंडाची पानं आणली. तालमीचे वस्ताद लालासाहेब यांनी आपल्या हातानं तुरटी-कापराचा थर दिला आणि तो दिल्यावर आपणच दंड थोपटला. शाळेच्या मास्तरांनी सांगलीहून मलमाची डबी मागवली होती, तीही वरून माखली. कुणी नागवेलीचं पान चिकटवलं, कुणी मंतरलेला दोरा बांधला, त्यावर पुन्हा थर.

एरवी आपल्या लेपाला दुसऱ्याचं पान लागलं असतं तर मनुबाईनं पान आणणाऱ्याला पानासकट बाहेर काढलं असतं. आता ती प्रत्येकाला पाट द्यायची आणि म्हणायची, "लावा की. तुमचा हातगुण मोठा हाय." इथंच गावाला शंका यायला हवी होती. पण जो तो आपल्या औषधाकडे इतक्या कौतुकानं बघत होता, की पायाकडे बघायला कुणाला सवडच झाली नाही. लेप काढून खाली पाहावं, हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लेप धुवायचा नसतो, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

पोटातून द्यायची औषधं आणखी वेगळी. सकाळी हळदीचं दूध, नंतर डिंकाचा लाडू, दुपारी आळिवाची खीर, त्यावर साळूबाईचा मेथीचा लाडू, आणि तिन्हीसांजेला लालासाहेबांची बदामाची थंडाई, कारण बदामानं हाड धरतं. नाथाजी खात गेला. पंधरा दिवसांत तो असा गरगरीत झाला, की धडधाकट डावा पायही सुजल्यासारखा दिसू लागला. हरिबानं बारकाईनं बघून सांगितलं, "सूज तिकडं बी पसरतीया."

एकदा दुपारी सोप्यात कुणी नसताना नाथाजी हळूच म्हणाला, "आई, पाय बरा हाय गं."

"न्हाई," मनुबाई म्हणाली.

"अगं, पाय माझा हाय..."

"आन लेप माझा हाय. मी म्हणती बरा न्हाई."

नाथाजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यानं मुकाट्यानं पाय उशीवर ठेवला आणि लाडू उचलला. त्या दोघांत याबद्दल पुन्हा शब्द झाला नाही.

पण गावाचं तोंड कोण धरणार? "मनुबाईचा लेप म्हातारा झाला." "घरच्याच पायाला लागू न्हाई, बाहेरच्याला काय लागणार?" पाणवठ्यावर बायका ती आली की गप्प व्हायच्या. मनगट सुजलेली माणसं तिच्या दारावरून पुढं साळूबाईच्या दारात जाऊ लागली. मनुबाईला हे झोंबलं. खोटं कशाला सांगायचं, फार झोंबलं. तीस वर्षांचं नाव होतं, बाईमाणसाला गावात दुसरं काय नाव असतं? पण अंबूबाईचे ते पुढं केलेले दोन हात आठवले, की ती गेरू कालवायला उठायची.

रजा संपली. हंबीररावानं बेळगावला कागद पाठवला. उलट टपाली उत्तर आलं : पोराला सातारला लष्करी डॉक्टरपुढं हजर करा.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं तिघं निघाली. नाथाजीचा पाय समोरच्या बाकावर अशा थाटात ठेवलेला, की उतारू त्याला जागा देऊन उभे राहिले. लेप मीच उतरवणार, म्हणून मनुबाई हट्टानं बरोबर आली होती. दवाखान्यात तिला कुणी विचारलंही नाही. ती व्हरांड्यात दाराशी बसली.

डॉक्टर कॅप्टन होते. त्यांनी पाय पाहिला, टकटक वाजवला आणि विचारलं, "हा पाय आहे की भिंत?" मग ऑर्डर्लीला गरम पाणी आणि ब्रश आणायला सांगितलं. तीन बादल्या पाणी लागलं. एकेक थर सुटू लागला. लालासाहेबांचा कापूर निघाला, साळूबाईच्या मेथ्या निघाल्या, त्यांना मोड आलेले होते. एरंडाचं पान, नागवेलीचं पान, मंतरलेला दोरा, सांगलीचं मलम, आणि मधेच कुणाचा तरी हरवलेला कानातला डूल. शेवटी गेरू गेला, काळी माती गेली, आणि खालून नाथाजीचा पाय बाहेर आला. गोरापान, नितळ, लोण्यासारखा.

डॉक्टरांनी घोटा सगळीकडून फिरवला. नाथाजीला उड्या मारायला लावल्या. तो बिचारा मारत सुटला. "वा!" डॉक्टर म्हणाले, "काहीच शिल्लक नाही. हा लेप कुणाचा?"

ऑर्डर्लीनं दाराकडे बोट केलं. डॉक्टर स्वतः व्हरांड्यात आले आणि त्यांनी मनुबाईला हात जोडले. "बाई, तुमचा गुण मोठा आहे. तुमच्यामुळं सरकारला एक शिपाई परत मिळाला."

मनुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. नाथाजीला तिथूनच बेळगावच्या गाडीला बसवलं.

परतीच्या मोटारीत हंबीररावानं बंडीतून सुतळी काढली. मनुबाई म्हणाली, "आता काय मोजायचं ऱ्हायलंय?"

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "सातव्या दिशीच. पोरगा झोपेत पाय पोटाशी घिऊन निजला हुता. सुजल्या पायाचा माणूस तसा निजत न्हाई. बसऱ्याला लय बघितल्यात."

"मग रोज सुतळी कशापायी धरायचा? आन वरडायचा कशापायी?"

"गावानं ऐकाया नगं व्हय?" हंबीरराव म्हणाला. त्यानं सुतळी बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. "बोट अजून गेली न्हवती गं. चार दिस अजून वरडलो असतो, तर गेली असती." आयुष्यात पहिल्यांदा मनुबाईला तो बसरा सोडून घरी आल्यासारखा वाटला.

सातारच्या डॉक्टरानं मनुबाईला हात जोडले, ही बातमी त्यांच्याआधी गावात पोचली होती. लेप म्हातारा झाला म्हणणारेच आता सांगत होते, की त्यांना आधीपासून खात्री होती. लालासाहेब कापराचं श्रेय घेत होते, साळूबाई मेथ्यांचं. पण दारात रांग लागली ती मनुबाईच्याच. विट्याहून, तासगावहून गाड्या येऊ लागल्या. मनुबाई आंबेहळद वाटायची आणि प्रत्येक वरवंट्याला तिला वाटायचं, एवढा गुण कुणी मागितला होता?

शेचाळीस साली नाथाजी परत आला. उजवा हात कोपराखाली नव्हता. इटलीतच राहिला होता तो.

गाव पुन्हा समाचाराला आलं. हाताकडे बघून सगळे हळहळले, आणि मग हरिबा म्हणाला, "हाताचं वाईट झालं. पर पाय बघा गड्यांनो! इटली पालथी घालून आला, पायाला ढिम्म काय झालं न्हाई. लेप लावलेला पाय हाय त्यो." सगळ्यांनी वाकून पाय पाहिला आणि माना डोलावल्या. मनुबाई तिथून उठली, गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. पोरगा जिता आला, म्हणून ती रडत होती, आणि हातासाठीही रडत होती. एकाच पाण्यात दोन्ही.

त्यानंतर काही दिवस तिनं खरं सांगून पाहिलं. कुणी सूज घेऊन आलं की म्हणायची, "लेपात काय न्हाई. सात दिस गप बसून ऱ्हावा, उतरंल." लोक ऐकायचे आणि तिथंच बसून राहायचे. शेवटी एक बाई म्हणाली, "आवं मनुबाई, नुसतं बसलं तर सासू बसू दील का? लेप दिसाय नगं?"

मनुबाईनं वरवंटा खाली ठेवला. त्या साली धुळा आला तेव्हा तिनं त्याला आपण होऊन सांगितलं, "तुझं मेंढराचं खरं हाय रं. पर मेंढराला सासू नसती." धुळा खूप वेळ हसला आणि म्हणाला, "व्हय, माणसाला औषध लागतंय खरं." आता तिला कळलं की हा होकारच होता.

त्याच हंगामात पलीकडच्या गल्लीतली नवी सून सुलाबाई आली. अठरा-एकोणीस वर्षांची, डोळे खोल गेलेले, मनगट सुजून टम्म झालेलं. मागं तिची सासू कमरेवर हात देऊन उभी.

"हळद उकडायचं काम चाललंय," सासू म्हणाली. "सात दिस म्हंजे लय झालं, मनुबाई. चारांत उरकंल का बघा."

मनुबाईनं मनगट हातात घेतलं. ती सुजेकडे कमी आणि पोरीच्या तोंडाकडे जास्त वेळ बघत राहिली.

"ह्येला एकवीस दिस लागतील," ती म्हणाली.

"एकवीस?"

"आन लेप धुवायचा न्हाई. घरात ज्येच्या हातनं धुतला जाईल, त्येच्या अंगात सूज शिरती."

सोप्यातून नाथाजी फडकं घेऊन आला. एक टोक दातात धरून, डाव्या हातानं त्यानं ते ताणून धरलं. "एकवीसच्या खाली न्हाई उतरत, मावशी," तो दातांतूनच म्हणाला. "म्या भोगलंय."

सासू कुरकुरत ओट्यावर टेकली. मनुबाईनं पाट्यावर आंबेहळद घेतली, रक्तबोळ घेतला, पाठ फिरवून पदराआड चुना टाकला. मग लेप जाड बसावा म्हणून तिनं गेरूचं मडकं पुढं ओढलं.